अधिक महिन्याआधीचं माप

"ग्वांगसूची आई, माझं काय चुकलं ते आधी सांग!" पिल्नाम दारातूनच कडाडली. "तुझं स्वतःचं शिवणाचं दुकान, आणि तुझा लेक आईचा अखेरचा पोशाख माझ्याकडे शिवायला टाकतो? बाजार म्हणेल, मी तुझं काम पळवलं."

माल्सुनच्या हातातली कात्री थांबली. मेलेल्यांना घालायचे तागाचे पोशाख शिवण्यात तिचा जन्म गेला होता. आईबापांना आयुष्य लाभावं म्हणून मुलं ते अधिक महिन्यात शिवून ठेवतात. अधिक महिना तर पुढच्या वर्षी होता. एरवी घाईघाईनं पोशाख कोणासाठी शिवतात, हे आंदोंगच्या बाजारात तिला कोणी शिकवायला नको होतं.

पिल्नामच्याही ते आत्ता ध्यानात आलं. जीभ चावून ती खाली बसली.

आवाज ऐकून ग्वांगसू आतून आला आणि पिल्नामला पाहून जागीच थिजला.

"डॉक्टर म्हणाले, पोटात बारीकसा कॅन्सर आहे, कापला की संपलं," माल्सुन म्हणाली. "मग हे काय?"

"आई, दोन आहेत." त्याची मान वर होईना. "जठराच्या तळाशी तो लहान. वरच्या बाजूला दुसरा, निराळ्याच जातीचा. तो यकृतात पोचलाय. मीच म्हटलं, आईला एकच सांगा. तू हाय खाल्ली असतीस."

"पोट कुणाचं रे, मेल्या?" तिनं कात्री आपटली. "दोन्ही माझ्या पोटात, आणि वाटणी तू केलीस? पुढच्या वर्षीची कामं घेऊन बसलेय मी. लोकांना शब्द दिलाय!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मरणापेक्षा तिला हे झोंबलं, की डॉक्टर त्याला आत सगळं सांगत होते तेव्हा ती बाहेर बाकावर बसून त्याच्यासाठी संत्रं सोलत होती.

"पिल्नामला मापं कुठली दिलीस?"

"मागच्या वर्षीच्या तुझ्या सणाच्या कपड्यांची. छाती नव्वद सेंटिमीटर."

"म्हणजे तीही खोटी."

तिनं गळ्यातली टेप काढून त्याच्या हातात कोंबली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. "छाती मोज. आकडा मोठ्यानं सांग."

ग्वांगसूनं टेप गुंडाळली. सैल पडलेल्या कपड्यात ती आत आत जात राहिली. आकड्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"नव्वद," तो म्हणाला.

माल्सुननं हात खाली घेतले नाहीत.

"पुन्हा मोज."