चौथा पाय

कॅमेरेवाल्या दादाचं आणि कोपऱ्यांचं वाकडं होतं. त्याच्या फोटोत किटलीची मूठ तरी कापलेली असायची, नाहीतर टेबलाचा कोपरा. कापलेलं ते संगणकावर जोडायचं काम ताईचं. जाहिरातींच्या त्या ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणायचे, मालकसुद्धा.

आज संध्याकाळच्या गाडीनं तिला आईकडे जायचं होतं. उद्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मालकांनी बजावलं होतं, "सुताराच्या स्टुलाच्या फोटोचं काम चोख करून मगच हलायचं."

स्टुलाचा चौथा पाय तिनं कालच बसवला होता. पुढचा पाय उचलून उलटा केला, लाकडाच्या रेषा जराशा बदलल्या, उजेड बघून सावली पाडली. खरा कुठला, खोटा कुठला, ओळखायची कुणाची बिशाद!

दुपारी सुतारकाका छापण्याआधी फोटो बघायला आले, ते स्टूल काखेत मारूनच. "पोरी, हा पाय कुणाचा?"

"तुमच्याच स्टुलाचा, काका. फोटोत कापला गेला होता."

काकांनी स्टूल खाली ठेवलं. त्याला पाय तीनच होते. "गिऱ्हाइकानं चौथा मागितला, तर तुझ्या संगणकातून काढून देशील?"

ताईला हसूही येईना. तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या खुर्चीला चार पाय होते आणि एकाखाली पुठ्ठ्याची घडी. पण डोळे शिणले की हात सवयीनं चालतात. रिकामी जागा दिसली की भरून टाकतात.

त्यात मूळ फोटोवरच तिनं काम जतन केलेलं, त्यामुळे तीन पायांचा फोटो उरलाच नव्हता. दादानं नवा फोटो काढला आणि तो घरी सटकला. ताईनं फोटो उघडला. या खेपेला तिसरा पाय कापला होता.

"काका, याच्या हातात कॅमेरा नाही, कात्री आहे."

"मी स्टूल धरून उभा राहतो. तू बघून बघून पाय संगणकावर काढ."

गाडी चुकली. तिनं आईला फोन लावला. "पहाटेच्या गाडीनं येते गं. तुला आत न्यायच्या आधी पोचते."

"ये सावकाश. आणि डोळे सांभाळ, माझ्यावर जाऊ नकोस."

शेवटी काकांनी पडद्यावर बोट ठेवून पाय मोजले आणि मान हलवली. फोटो मालकांकडे जाईपर्यंत ताई स्टुलावर टेकली. कितीतरी दिवसांनी तिच्याखालचं काहीच हललं नाही.