चौथं चाक

मोजणीवाल्याची गाडी आली तेव्हा धाकटी बापाच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर करत होती. डोंगरातल्या जमिनी मोजत फिरणारा माणूस तो. गाडी त्याने नुकतीच चार इंच उंच करून घेतली होती आणि मागे चार दांडगे टायर दोरीने बांधून आणले होते. त्या उंच धुडाखाली जुनी चाकं अगदीच केविलवाणी दिसत होती.

"रिम मात्र मूळच्याच राहू द्या," तो म्हणाला. "दुसऱ्या मागवायच्या तर महिना जाईल. मला सोमवारी वर जायचंय."

धाकटीने रिमवर पट्टी धरली. सात इंच. टायरला किमान साडेआठ हवी होती.

"आप्पा, ही अरुंद पडतेय. कड नीट बसायची नाही."

आप्पा तिच्याकडे पाठ करून उभे होते. मोजणीवाल्याकडे बघून ते मोकळं हसले. "बसतील, बसतील! चाळीस वर्षं हेच करतोय."

धाकटीने पट्टी खाली ठेवली. आपलं बोलणं बापाने कानाआड करणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती सासर सोडून आली होती. सातव्या महिन्यात जिन्यावरून पडली आणि बाळ गेलं. पाय घसरला, असंच तिने सगळ्यांना सांगितलं, आईलासुद्धा, कारण आई आधीच खचली होती. खरं काय ते तिने एकट्या आप्पांना सांगितलं. ते एका टेम्पोखाली आडवे होते, फक्त पाय बाहेर. तोंडावर बोलायचा धीर नव्हता, म्हणूनच तिने ती वेळ साधली.

"आप्पा, माझा पाय घसरला नव्हता. नवऱ्याने ढकललं मला."

खालून पान्याची खटखट चालूच राहिली. मग काळा झालेला हात बाहेर आला. "सतराचा पाना दे गं."

तिने पाना दिला. तो विषय पुन्हा काढला नाही. बापाला आपली लाज वाटते, असं तिने मनाशी धरलं, आणि त्यानंतर दोघं एकाच दुकानात कामापुरतं बोलत राहिली.

टायर रिमवर चढवला की हवा भरायची. हवेच्या जोराने टायरच्या दोन्ही कडा रिमच्या खाचेत जाऊन बसतात आणि प्रत्येक कड बसताना ठप्प असा आवाज येतो. दोन आवाज झाले की काम झालं. हवेच्या दाबाचा काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. तोवर कड बसली नाही तर हवा सोडायची, साबणाचं पाणी लावायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. चाकापासून लांब उभं राहायचं. हे सगळं आप्पांनीच तिला शिकवलं होतं. हल्ली मात्र ते स्वतःच हवा भरताना टायरवर तळहात टेकवून उभे राहत. "आप्पा, हात काढा," असं ती एकदोनदा बोलली होती. तेही त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

तीन चाकं कशीबशी झाली. चौथ्याला एकच आवाज आला. काटा चाळीसवर गेला, मग पंचेचाळीस. आप्पांचा हात टायरवर होता आणि तोंड मोजणीवाल्याकडे.

"आप्पा, एकच बसलीय! हवा बंद करा!"

ते बोलतच राहिले.

"आप्पा!" ती इतक्या जोरात ओरडली की मोजणीवाला दचकला. आप्पा दचकले नाहीत. ती कॉम्प्रेसरकडे धावली, पण अर्ध्या वाटेवर असतानाच टायरची कड तुटली.

आप्पांच्या उजव्या हाताची हाडं त्या धडाक्याने चार ठिकाणी मोडली होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाई खाटेच्या डोक्याशी येऊन म्हणाल्या, "काका, बोटं हलवा बघू." आप्पा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. बाईंनी पुन्हा सांगितलं. मग धाकटीला विचारलं, "यांना कधीपासून ऐकू येत नाही?"

"येतं की ऐकू," धाकटी म्हणाली.

आईने मान खाली घातली. "तू आलीस त्याच्या आधीपासून नाही येत. बोलणं ओठांवरून समजून घेतात, टायरचा ठप्प तळहाताने. मला शपथ घातली होती त्यांनी. म्हणाले, बहिऱ्याकडे गाडी कोण देईल? आणि पोरीला कळलं तर ती मला कामाला हात लावू देणार नाही."

धाकटी स्टुलावर बसली. आई चहा आणायला खाली गेली.

"घाबरू नकोस," आप्पा म्हणाले. मग म्हणाले, "रागावलीस ना? आल्यापासून तू माझ्याशी धड बोलतच नाहीस. त्या घरातून का आलीस, तेही सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही. म्हटलं, तिला वाटेल तेव्हा सांगेल."

तिने तोंड उघडलं. खोलीत सहा खाटा होत्या, सगळ्या भरलेल्या. तिने औषधांची चिठ्ठी उलटी केली, दोन ओळी लिहिल्या आणि त्यांच्या डाव्या हातात दिली. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी ती लांब धरून वाचली. पुन्हा वाचली.

"ढकललं?" आपला आवाज किती चढलाय हे त्यांना कळत नव्हतं. "त्याने ढकललं तुला?"

बाकीच्या पाचही खाटांवरची माणसं वळून बघू लागली. आई थर्मास घेऊन दारातच थबकली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," धाकटीने ओठ सावकाश हलवले.

आप्पा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "मग मी काय म्हणालो?"

"काही नाही, आप्पा."

त्यांनी डोळे मिटले. पाणी कानापाशी ओघळलं. पुसायला हात मोकळा नव्हता, चिठ्ठी अजून मुठीत होती. आईने थर्मास खाली ठेवला आणि धाकटीला जवळ ओढलं. तिघांपैकी कोणीच चहा घेतला नाही.

मोजणीवाल्याने शेवटी रुंद रिम मागवल्या. चारही चाकं धाकटीने एकटीने बसवली आणि तो महिनाभर उशिरा डोंगरात गेला.

आप्पांची दोन बोटं कायमची ताठ राहिली. कानाला यंत्र लावलं, पण कॉम्प्रेसर सुरू झाला की त्यांच्या डोक्यात घण पडायचे. एका सकाळी ते दुकानात येऊन खुर्चीवर बसले. एक गिऱ्हाईक नेहमीच्या सवयीने त्यांच्याकडेच आलं आणि टायर दाखवत काहीतरी विचारू लागलं.

"मला ऐकू येत नाही," आप्पा मोठ्याने म्हणाले. "तिला विचारा."

थोडा वेळ बसले. मग यंत्र काढून खिशात टाकलं, तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि घरी गेले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत.