बाबांच्या खिडकीसमोरची पवनचक्की

माझा धाकटा भाऊ पवनचक्क्यांच्या कंपनीत बडा साहेब आहे. वाचनालय त्याने बांधलं, खेळाचं मैदान त्याने करून दिलं, डोळे तपासायचं शिबिर तर दरवर्षी. जिकडेतिकडे त्याचा उदो उदो, आणि त्याची बहीण म्हणून मला पुढची खुर्ची. डोंबलाची खुर्ची!

बाबा माझ्याकडे असतात. त्यांनी जन्मभर शिंपीकाम केलं, त्यावर याला शिकवलं, याच्या पहिल्या मुलाखतीचा कोटही स्वतः शिवला. आता गिऱ्हाईक नाही. पण संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीत बसून कुणाच्या तरी सदऱ्याची काजं करायची, एवढाच काय तो विरंगुळा. नेमकी त्याच खिडकीसमोर, टेकडीवर, भावाच्या कंपनीने पवनचक्की उभी केली. ऊन कललं की पात्यांची सावली खोलीभर फिरते. उजेड, अंधार, उजेड, अंधार. बाबांना गरगरतं, उलट्या होतात. म्हणून ऐन उजेडाच्या वेळी जाड पडदा ओढून भिंतीकडे तोंड करून बसतात बिचारे.

"संध्याकाळी तासभर बंद ठेव रे तेवढी," मी त्याला कितीदा म्हटलं.

"ताई, घरातला पंखा आहे का तो, बटण दाबलं की बंद? वरून परवानगी लागते. आणि आपल्याच माणसांसाठी नियम मोडला तर लोक काय म्हणतील?"

बाबा वर त्याचीच बाजू घ्यायचे. "त्याला का व्याप कमी आहेत? जमलं की थांबवेल तो."

परवा संध्याकाळी त्याचा सत्कार होता, समाजसेवेबद्दल, त्याच पवनचक्कीच्या पायथ्याशी. बाबांना गर्दी झेपत नाही, म्हणून मी एकटीच गेले. खुर्चीवर टेकते न टेकते तोच वरची घरघर थांबली. पाती स्तब्ध. दोन वर, एक खाली.

"बिघडली की काय?" मी शेजारच्या इंजिनिअरला विचारलं.

"छे हो! फोटोसाठी थांबवलीय. पाती अशी असली की फोटो झकास येतो. पाहुणे आले की थांबवतोच आम्ही. साहेबांचा एक फोन पुरतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ माईकवर सांगत होता, "आधी शेजाऱ्याचं सुख, मग आपली वीज!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी उठले आणि तडक घर गाठलं.

पडदा सताड उघडा. बाबा खिडकीत, हातात सुई, काज अर्धं झालेलं. चेहरा फुललेला.

"थांबवली बघ! मी म्हणत नव्हतो? सत्काराच्या गडबडीतसुद्धा बापाची आठवण ठेवली पोराने. लाव बरं त्याला फोन."

लावला. म्हटलं, निदान आता तरी लाजेल. मुद्दाम स्पीकरवर ठेवला.

"बाळा, फार बरं वाटलं रे." बाबा म्हणाले. "माझ्यासाठी एवढं केलंस."

मग माझा भाऊ म्हणाला, "हो बाबा. तुमच्यासाठीच थांबवली."

इतक्यात त्याच्या मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, फोटो झाले. चालू करायची?"

"करा, करा," तो म्हणाला.

बाबांनी सुई कापडात खोचली. "ठेवतो रे. तुझी माणसं खोळंबली असतील."

मग त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. "पडदा ओढ गं," म्हणाले. सावली अजून आली नव्हती.