पाणकराचा लॅपटॉप

मित्रांनो, मला सुरू व्हायला आठ मिनिटं लागतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी माझ्या चुगल्या केल्या तरी तुम्हाला नवल वाटायचं नाही. मी रेणूचा जुना लॅपटॉप. माझी एक कळ निखळली आहे आणि बॅटरी फुगली म्हणून काढून टाकली आहे. भिंतीतल्या वायरीवर माझा श्वास चालतो. लाईट गेली की मीही गेलो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या पोटावरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. ती चिठ्ठी घासून गेली आणि मलाही आता आठवत नाही. तरुणपण मात्र चांगलं आठवतं. गोंदियाच्या बाजारात, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात मी कामाला होतो. तेव्हा मी एका मिनिटात उठून बसायचो. दुकानदार गिऱ्हाइकांपुढे माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "मशीन एकदम फर्स्टक्लास है." मग नवीन मशीन आलं आणि मी फळीच्या खालच्या खणात गेलो. तिथून मला आमगावच्या रेणूने उचललं. ती बी.एस्सी.ला होती, गणित तिचा आवडता विषय. पुढे तिचं लग्न झालं आणि तिच्याबरोबर मी कामठ्याजवळच्या या गावात आलो.

नवरा नागपूरला नोकरीला, तेव्हा घरात दोनच माणसं: रेणू आणि तिचे सासरे केवळराम. रेणू त्यांना मामाजी म्हणते, म्हणून मीही मामाजीच म्हणतो. मामाजी गावच्या तलावाचे पाणकर. हा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधला. पाऊस तुटला की तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, कधी, किती, हे पाणकर ठरवतो. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पोटात पाणी सोडायची मोरी असते, तिला तुडूम म्हणतात. त्या तुडुमाचं लोखंडी हँडल आमच्या ओसरीतल्या खुंटीवर टांगलेलं असे. ज्याच्या खुंटीला हँडल, तो पाणकर. मामाजी सव्वीस वर्षं पाणकर होते.

गेल्या चैत्रात त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि शब्द जिभेपर्यंत येऊन अडू लागले. नांगराला 'ते... ते...' म्हणून थांबायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, हात आणि डोकं दोन्ही चालतं ठेवा. लोक भेटायला यायचे, त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचे आणि निघून जायचे. मला त्या लोकांचा फार राग यायचा.

दुपारची कामं आटोपली की रेणू माझ्यावर पोकर खेळायची. आमगावच्या जुन्या मित्रमैत्रिणींचं एक टेबल होतं, त्यात तिचा भाऊ हिमांशुही असे. एक दिवस मामाजी तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"पत्ते? घरात?"

"पैसे नाही लागत, मामाजी. फुकटच्या चिप्स हायेत. या, बसा. माऊस पकडा, बोटाले व्यायाम होते."

खेळ सोपा आहे, मित्रांनो. प्रत्येकाकडे दोन पत्ते लपलेले, मधे पाच पत्ते हळूहळू उघडतात. ज्याची जुळणी भारी, तो मधला ढीग उचलतो. नाहीतर चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, लावून बाकीच्यांना पत्ते टाकून डाव सोडायला लावायचं. या टेबलावर दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, प्रत्येकापुढे चिप्सची भली मोठी रास. दुसरी, पत्ते वाटायच्या आधी प्रत्येकाने एक लहान चिप मधे टाकायचीच, डाव खेळो वा न खेळो.

ही दुसरी गोष्ट मामाजींना पाहताक्षणी पटली. गावात पावसाळ्याआधी प्रत्येक घरातून एक माणूस पाळीवर माती टाकायला जातो. माती टाकली की पाण्यावर हक्क. पण त्यातूनच त्यांची चूक झाली, आणि अशी चूक पाणकरच करू जाणे. बाकी कोणीच चिप्स लावायचं नाही, थोडं वाढवलं की मधल्या चिप्स मामाजींच्या होणार, आणि नेमके तेव्हाच हे पत्ते टाकून मोकळे!

"काऊन सोडलात, मामाजी?"

"साऱ्यांचा वाटा हाये तो," मामाजी म्हणाले. मधे बराच वेळ गेला. "एकट्यानं... कायले उचलायचा?"

रेणू हसली नाही. या गोष्टीसाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे. आठवडाभरात मामाजींची रास अर्ध्यावर आली, एकही मोठा डाव न हरता. मग ती म्हणाली, "रोज माती आपण टाकून राहिलो, अन् पाणी घेऊनच नाही राहिलो. बसून बसून तलाव आटला ना आपला."

मामाजींनी पडद्याकडे पाहिलं. "मंग हक्काचं हाये," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मधल्या चिप्स उचलायला सुरुवात केली. हलके पत्ते असले तरी, आपण शेवटी बोलणार असू आणि समोरचे दबलेले दिसले, तर थोडंसं वाढवायचं. शेवटी बोलण्याची जागा त्यांना फार आवडे. सगळ्यांचं बघून मग आपण ठरवायचं. पाणी सोडताना तरी त्यांनी दुसरं काय केलं होतं?

मोठ्या राशीचं गणित तर त्यांनी रेणूलाच शिकवलं. राशी लहान असतील तर एक्क्यांच्या जोडीवर सगळं लावून टाकता येतं. पण राशी मोठ्या असतील आणि समोरचाही सगळं लोटायला तयार असेल, तर त्याच्याकडे नुसती जोडी नसते. मामाजी म्हणायचे, तलाव भरला म्हणून तुडूम पुरं उघडायचं नसते.

मला उठायला आठ मिनिटं लागायची, त्यांना शब्द सापडायला वेळ लागायचा. ते माझ्यावर कधी चिडले नाहीत. पडदा काळा असताना शांत बसून राहायचे. पावसाळा सरेपर्यंत त्यांचं बोट नीट क्लिक करू लागलं, आणि कोणी काय खेळलं ते ते आठवून सांगू लागले. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस ते.

नवरात्रात पाऊस तुटला. धान निसवायला आलं होतं आणि बांध्यांना भेगा पडू लागल्या होत्या. एका दुपारी जागेश्वर गावातल्या चार माणसांना घेऊन आमच्या ओसरीत आला. मामाजी आजारी असताना तलावाकडे त्यानेच बघितलं होतं. माणूस वाईट नाही. त्याची भीतीही खरी होती: पाणकर तुडूम बंद करायला विसरला, तर गावाचं धान गेलं. तो हँडल न्यायला आला होता. मामाजींनाही ते माहीत होतं. त्यांची नजर दोनदा खुंटीकडे गेली.

तेव्हा मामाजींचा डाव चालू होता. त्यांच्याकडे दोन एक्के होते, इस्पिकचा आणि चौकटचा. मधे पाचही पत्ते उघडलेले, आणि समोरून हिमांशुने आपली सगळी रास लोटली होती. मामाजींनी थोडा वेळ पाहिलं आणि एक्के टाकून दिले.

मागे उभा असलेला जागेश्वर बाकीच्यांकडे वळला. "पाहा. दोन-दोन एक्के फेकले. मी म्हणतच होतो, केवळभाऊंचं डोकं..."

"बस," मामाजी म्हणाले. आणि सांगू लागले. हळू, अडत, पण क्रमाने. "पहिले मी... वाढवलो. हा पोरगा तेवढंच लावून संगं आला. बदामाची नव्वी अन् आठी पडली, किलवरची दुर्री. मी लावलो, तो आला. मंग बदामाची सत्ती. मी आखीन लावलो. तरी चूपचाप आला. शेवटी किलवरचा राजा, तं सारी रास लोटली. या महिन्यात यानं येकडावच सारी लोटली होती. तवा याच्याजोळ पाच बदाम होते, जोडीहून भारी. मी येका जोडीसाठी सारा तलाव रिकामा करू?"

हिमांशुकडे खरोखर काय होतं? मित्रांनो, समोरच्याचे पत्ते मलाही दिसत नाहीत. पण ओसरीतल्या माणसांना पत्त्यांशी काय करायचं होतं! चैत्रात नांगर न आठवणारा माणूस पाच पत्ते आणि चार चाली ओळीने सांगत होता.

जागेश्वर सहज मानणारा नव्हता. तो बाजेवर टेकला. "हे झाले पत्ते. मागच्या वर्सी पाणी कोणाच्या बांधीत पोचलं नाही, सांगा."

मामाजींनी तोंड उघडलं आणि शब्द अडला. जागेश्वर पुढे काही बोलणार, तोच दारातून रेणूचा आवाज आला. पाच मोठ्या माणसांपुढे ती कधी बोलत नसे.

"थांबा. आठवून राहिले ते."

सगळे थांबले. केवढा वेळ गेला! माझा पंखा तेवढा घरघरत होता.

"धुरपताबाईच्या," मामाजी म्हणाले. "टोकाची बांधी. येकटी बाई, भांडाले आली नाही. नंबर मीच... चुकवलो. तवा मी चंगा होतो, जागेश्वर. तरी चुकवलो. यंदा पहिलं पाणी तिच्या बांधीले."

जागेश्वर उठला आणि त्याने खुंटीवरचं हँडल काढलं. पण त्याने ते मामाजींच्या मांडीवर ठेवलं.

"हात तुमचा चालत नाही. फिरवतो मी. किती फिरवायचं ते तुमी सांगा, केवळभाऊ."

"अर्धंच," मामाजी म्हणाले.

त्या दिवसापासून मामाजी पाळीवर असतात, काठी टेकून, जागेश्वरच्या शेजारी. माझ्याकडे यायला त्यांना सवड नाही. मी कपाटावर धूळ खात पडलो, आणि खरं सांगतो, मला एकटं वाटलं. तरी कोणीतरी आपल्याला विसरलं ते बरं होऊन विसरलं, यात एक सुख असतं.

गेल्या आठवड्यात रेणूचा नवरा सुटीवर आला. त्याने मला खाली काढलं, बटण दाबलं, दोन मिनिटं वाट बघितली आणि म्हणाला, "भंगारात टाकून देऊ याले. मेला हा."

म्हणून तुम्हाला एवढीच विनंती, मित्रांनो. जुन्या यंत्राची धूळ पुसा, आणि जुन्या माणसाचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या. आम्हाला वेळ लागतो. रिकामे नसतो आम्ही.

माझा पडदा अजून काळाच होता. मामाजी नुकतेच पाळीवरून आले होते, पाय चिखलाने भरलेले. त्यांनी मुलाचा हात बाजूला सारला, माझ्यासमोर मांडी घातली आणि म्हणाले,

"थांब. सुरू होऊन राहिला तो."