ठिपक्यानंतरचा सिनेमा

आजोबांनी पैज लावली ती मिशीची. ग्रंथालयाच्या बाईंना म्हणाले, “रविवारी मुलांना हाच सिनेमा दाखवू. एकही पोर हसलं नाही, तर ही मिशी उतरवीन.”

मिशी चाळीस वर्षांची. नोकरीही तेवढीच, थिएटरात सिनेमे चालवणारे ऑपरेटर होते ते. आणि हा सिनेमा म्हणजे विनोदी सिनेमांचा राजा, असं जुनीजाणती माणसं एकमुखाने सांगत.

शनिवारी दुपारी त्यांनी रंगीत तालीम म्हणून तो घरी टीव्हीवर लावला. शेजारी दहा वर्षांची नात, चिमणी. दोन महिने आजोबा तिला गोष्ट सांगत होते: श्रीमंत बाई, तिने एका दिवसापुरता नवरा म्हणून आणलेला घड्याळजी आणि तिजोरीची किल्ली गिळणारं बदक.

बदकाने किल्ली गिळली. आजोबा पडद्याकडे नाही, चिमणीकडे बघत होते.

“आता हसायचं का?” तिने हळूच विचारलं.

“विचारून हसतं का कुणी?”

“मग नको.” थोडं थांबून ती म्हणाली, “वाईट नाहीये हो. नुसते भराभर बोलतात आणि पळतात. पण तुम्ही तरी कुठे हसलात?”

आजोबांचा हात मिशीवर गेला. खरंच की!

“अगं, शंभरदा पाहिलाय मी.”

“मग पहिल्यांदा कुठे हसला होतात?”

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. “हसतायत कसले!” आजी म्हणाली. “घरी येऊन मला सांगायचे, आज लोक कसे हसले ते. गोष्ट काय, ते मला अजून ठाऊक नाही!”

आजोबांना राग नाही आला, नवल वाटलं. केबिनमध्ये दोन मशीन घरघरत असायची, संवाद धड ऐकूच यायचे नाहीत. भिंतीतल्या हातभर खिडकीतून ते बघायचे, तेही पडद्याचा उजवा वरचा कोपरा. तिथे ठिपका चमकला की रीळ संपत आलं. लगेच दुसरं मशीन चालू करायचं आणि मग संपलेलं रीळ गुंडाळत बसायचं. बदकाच्या वेळी खालची डोकी गदागदा हलायची, तेवढं दिसायचं.

“म्हणजे तुम्ही सिनेमा नाही, माणसंच बघितलीत,” चिमणी म्हणाली.

“तसंच दिसतंय खरं.” आजोबांनी टीव्ही तिथेच बंद केला. “बघू या, उद्या पोरं काय म्हणतात.”

रविवारी ग्रंथालयात तीसेक मुलं जमली. आजोबा चिमणीजवळ, मधल्या रांगेत बसले. पहिली वीसेक मिनिटं सगळं चिडीचूप. बदक आलं, किल्ली गेली. मागून एका मुलीने विचारलं, “बाई, पाणी प्यायला जाऊ?” बाईंनी आजोबांच्या मिशीकडे पाहिलं.

तेवढ्यात कोपऱ्यात ठिपका चमकला. नव्या प्रतीतही तो तसाच राहिला होता. आजोबा ताडकन उठले आणि दुसरं मशीन चालू करायला अंधारात धावले. तिथे मशीन कुठलं? पुस्तकांचं कपाट! त्याच्यावर दाणकन आपटले आणि खो खो हशा पिकला.

“आजोबा, बसा ना, दिसत नाहीये!” कुणीतरी ओरडलं.

ते मुकाट्याने येऊन बसले आणि समोर पाहू लागले. ठिपक्यानंतरची ही चार-पाच मिनिटं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. घड्याळजी एकटाच खोलीत होता. संवाद नाही, पळापळ नाही. बदकाच्या पोटाला कान लावून, घड्याळाची टिकटिक ऐकावी तसा तो ऐकत होता. मग त्याने अगदी गंभीरपणे खिशातलं घड्याळ काढलं आणि बदकाच्या पोटाशी वेळ जुळवून घेतली.

आजोबा हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. मुलं शांतच होती. चिमणी सिनेमा सोडून त्यांच्याकडेच बघत होती.

दिवे लागल्यावर बाई म्हणाल्या, “पोरं हसली बरं का. पैज जिंकलात.”

“ती मला हसली, सिनेमाला नाही.”

“आणि तुमचं हसू?”

“मी काय पोर आहे? हरलो ते हरलो.”

न्हाव्याच्या दुकानाकडे जाताना त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. “चिमणे, बदकाने किल्ली गिळली तेव्हा मी हसलो नाही. मग तो घड्याळ जुळवतो तिथेच का हसलो गं?”

चिमणीने विचार केला. “ते तुम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं ना. मला तर तुम्ही सगळंच सांगितलं होतंत.”

“असं होय!” आजोबा रस्त्यातच थांबले. “म्हणजे चूक सिनेमाची नाही म्हणतेस?”

“थोडी त्याचीही आहे.”

अर्ध्या तासाने ते घरी पोचले. आजीने दार उघडलं, त्या मोकळ्या ओठाकडे क्षणभर पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ती खालीच बसली.

“तिला सांगितलं होतं का आधी?” आजोबांनी चिमणीला विचारलं.

“छे!” चिमणी म्हणाली. तीही हसत होती.