अर्धी गोळी

कापूस वेचताना अंजूला पुन्हा मिरगीचा झटका आला, तेव्हा तिचा बाप रामलाल तांड्यावरून तडक उमरखेडला अन्सारच्या फोनबूथवर गेला. मागोमाग बायको जमनीही आली. अंजूच्या गोळ्या दर महिन्याला नागपूरच्या एका औषध दुकानातून टपालाने यायच्या.

"नकली गोळ्या पाठोल्या का?" रामलाल फोनवर ओरडला. "पोरगी पडून राह्यली!"

"हळू बोल ना बाप्पा," अन्सार म्हणाला. "नागपूरले फोनबिगर ऐकू जाईल."

पलीकडून दुकानदाराने विचारलं, "रोज पूर्ण गोळी देता ना?"

रामलालने जमनीकडे पाहिलं.

"अर्धी देतो," ती म्हणाली. "अर्धी शेजारच्या धुरपीच्या विलासले. त्यालेबी झटके येते. तिची कपाशी बुडाल्यापासून डॉक्टरकडे नेलंच नाही त्याले."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तांड्यात शिकार झाली तर घरोघरी वाटा जाते. हे तर औषध होय."

दुकानदाराने बजावलं, अंजूला आजपासून पूर्ण गोळी द्या. विलासला डॉक्टरांना दाखवून त्याची चिठ्ठी पाठवा, त्याशिवाय त्याच्या गोळ्या येणार नाहीत.

संध्याकाळी जमनीने अंजूला पूर्ण गोळी दिली. पाकिटात आता तिच्यापुरत्याच उरल्या होत्या. पाण्याचा पेला खाली ठेवते तोच धुरपी दारात आली आणि तिने रोजच्यासारखा हात पुढे केला.

"आण वो बाई, पोरगं जेवून बसलं."

रामलाल उठून बाहेर निघून गेला. धुरपीचा हात तसाच पुढे होता.