आमसुलाने घासलेला सेन्सर

मला दोन खोडी आहेत. समोर घाण दिसली की माझे हात शिवशिवतात, ही जन्माची. दुसरी जडली गेल्या गणपतीनंतर, आमच्या यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला तेव्हापासून. नवऱ्याला एका जागी बसवून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

झटका तसा हलका होता. बोलणं, चालणं सगळं परत आलं, उजव्या हातात ताकदही आली. पण त्या हाताला गरम-गार कळेना. एकदा तापलेल्या कढईचा कान धरून हे खुशाल गप्पा मारत उभे होते. फोड आल्यावर आम्हाला कळलं. डॉक्टर म्हणाले, "संवेदना येईलही, न येईलही. वाट बघा." तेव्हापासून स्वयंपाकघर यांना बंद. अंघोळीच्या पाण्यात विसण मी घालणार, चहा मी कोमट करून देणार. अंधेरीच्या एमआयडीसीत ज्या माणसाने उभा जन्म मशिनं दुरुस्त केली, तो मुकाट्याने कोमट चहा पीत बसायचा. मला त्याचा राग यायचा आणि रडूही.

आणि मग वॉशिंग मशीन बिघडलं. गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला की अर्ध्यावर थांबायचं. उशांचे तेलकट अभ्रे तसेच बाहेर. आमचा सौरभ फोनवर म्हणाला, "आई, नवीनच घेऊन टाकू ना."

"कशाला नवीन?" हे मागून ओरडले. "टेंपरेचर सेन्सर गेला असणार. मी बघतो!"

किती महिन्यांनी ओरडले होते! 'नाही' म्हणायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं.

यांनी प्लग काढला, मशीनमधलं पाणी काढून टाकलं, मागचा पत्रा उघडला. सेन्सर म्हणजे करंगळीच्या पेराएवढा तुकडा, मागे दोन पिना. पाणी किती तापलं हे तो मशीनला सांगतो म्हणे. आमचा पांढऱ्या क्षाराने बरबटला होता. यांनी मीटरचे चिमटे पिनांना लावले. मी स्टीलच्या पेल्यात उकळतं पाणी आणलं, सांडशीने धरून, आणि वर "हात मागे!" अशी तंबीही दिली. सेन्सरचं टोक पाण्यात सोडलं.

"पाणी गरम लागलं की मीटरवरचा आकडा खाली यायला पाहिजे," हे म्हणाले.

आकडा ढिम्म हलेना.

"मेला बिचारा!" हे इतक्या आनंदात म्हणाले, की ऐकणाऱ्याला वाटावं लॉटरीच लागली.

तसाच नवा सेन्सर आणायला हे रिक्षा करून एकटेच मुलुंडला गेले. नाहूरहून मुलुंड ते काय, पण माझा जीव टांगणीला. हातांना काहीतरी चाळा हवा. समोर तो बरबटलेला तुकडा पडलेला. आमसूल घेतलं आणि देवाची भांडी घासतात तसा घासून तो लखलखीत केला. तेवढ्यात हे आले, नवा सेन्सर पाकिटातून काढून टेबलावर ठेवला आणि हातपाय धुवायला गेले. मी पाकीट कचऱ्यात टाकलं, टेबल पुसलं, दोन्ही सेन्सर एका वाटीत घातले. आवरलं की कसं बरं वाटतं.

"जानकी," हे वाटीत बघत म्हणाले, "यातला नवा कुठला?"

"तो काय, चकचकीत."

"दोन्ही चकचकीत आहेत गं."

आता बोलणी बसणार म्हणून मी पदर खोचून तयार राहिले. तर हे हसत सुटले. खुर्ची धरून हसले. "एवढी वर्षं नोकरी केली, पण मेलेल्या पार्टला अंघोळ घालणारी तूच पहिली!"

झालं, पुन्हा पाणी उकळलं, पुन्हा मीटर. यांना चष्मा सापडेना, म्हणून आकडे मी वाचायचे. पहिल्या सेन्सरचा आकडा जागचा हलला नाही. मग दुसरा पाण्यात सोडला, तर आकडा भराभर खाली यायला लागला.

"उतरतोय! अहो, उतरतोय!" मी उडीच मारली. माझा धक्का टेबलाला लागला, पेला कलंडला आणि यांनी हात पुढे करून तो धरला. उजवा हात.

"आई गे! हात भाजलो माझो!"

जीव कळवळला की आमच्या तोंडी मालवणीच येते. पेला लादीवर, पाणी सगळीकडे. खरं तर मी गार पाण्यासाठी धावायला हवं होतं. मी तिथेच उभी.

"काय म्हणालात?"

"भाजलो म्हणतंय! कानात बोळे..." आणि हे मध्येच थांबले. हाताकडे बघत राहिले. मग वाकून लादीवरच्या पेल्याला एक बोट हळूच लावलं. "हाय!" झटकन मागे. परत लावलं. परत "हाय!" लहान पोरासारखे हसायला लागले.

"आता पुरे!" मी त्यांना ओढत नळाखाली नेलं.

"गार आहे," हे म्हणाले. "जानकी, पाणी गार आहे गं."

मी मोठ्याने रडले. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल, जाऊ दे. बोटं थोडी लाल झाली होती, तेवढंच. त्याच बोटांनी यांनी नवा सेन्सर बसवला, क्लिप दाबली, पत्रा लावला. अभ्रे आत घातले, गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला. अर्धा झाला, तरी मशीन थांबलं नाही. काच तापली.

तेव्हाच सौरभचा फोन. "आई, काय झालं? जमलं बाबांना?"

"सौरभ, बाबांना भाजलं रे!" मी म्हणाले, आणि मला हसू आवरेना.

"काय? आई, तू हसतेस काय? मी निघतो, आत्ता निघतो!"

"नीघ, नीघ. आणि येताना पेढे घेऊन ये."